‘पोट्ट्याले काम नाई’ की ‘पोट्टा काम करत नाई’?

पत्र : मी दर्यापूर तालुक्यातला. मित्रांकडून पैसे गोळा करून वऱ्हाडी बोलीत 112 मिनिटांचा प्रेमविनोदी चित्रपट केला. हिरो 27 वर्षांचा, दिवसभर गावात रिकामा फिरतो, बकऱ्यांना पाढे शिकवतो. गावच्या पोस्टात नवीन आलेल्या शाखा डाकपाल मुलीच्या प्रेमात पडतो. दोन महोत्सवांत दाखवला. सहा परीक्षणं आली आणि सहाही वेगळी. पुण्याच्या दैनिकानं साडेतीन तारे दिले, मुंबईच्या इंग्रजी वेबसाइटनं दोन. नागपूरवाले म्हणतात, आपल्या पोरांची बदनामी केली. दुसरा इंग्रजीवाला विचारतो, विदर्भातला चित्रपट आणि शेतकरी आत्महत्या कुठंच नाही? एका यूट्यूबवाल्याला पहिला अर्धा तास कंटाळा आला. फिल्म सोसायटीच्या मासिकानं कॅमेऱ्याचं कौतुक केलं. आता थिएटरला लावायचा विचार आहे, सेन्सॉर बाकी आहे. कोणाचं ऐकू? पुन्हा कापू का? दोन तारेवाल्याला उत्तर देऊ का? एक जण म्हणतो, पैसे द्या, चांगले रिव्ह्यू आणून देतो. कात्रणं आणि लिंक सोबत पाठवतो. चित्रपटाचं नाव छापू नका. (एक वाचक)

उत्तर :

भाऊ, कात्रणं वाचली आणि चित्रपट दोनदा पाहिला. एकदा सलग, एकदा वहीत मिनिटं मांडत. सहाही परीक्षणं वेगळी आहेत हे वरवर खरं आहे, पण बहुतेक जण ठेचकाळलेत ते एकाच दगडाला. तो दगड 41व्या मिनिटाला आहे.

सोयाबीनची मळणी चालू आहे. हिरो कॅमेऱ्याला पाठमोरा उभा राहून मित्राला म्हणतो, ‘डी.एड. करून पाच वर्सं झाले ना बे, आता बकऱ्याच शिकवतो.’ अख्ख्या चित्रपटात त्याच्या डी.एड.चा, म्हणजे मास्तरकीच्या पदविकेचा, उल्लेख एवढाच. थ्रेशरच्या घरघरीत निम्मी अक्षरं वाहून जातात, आणि इंग्रजी सबटायटलमध्ये त्या वाक्याचं झालंय ‘माझ्याकडे एक डिप्लोमा आहे’. बकऱ्यांची शाळा मात्र सहाव्या मिनिटालाच सुरू होते. म्हणजे 35 मिनिटं प्रेक्षक पाहतो की एक तरणाताठा माणूस बकऱ्यांसमोर ‘बे एके बे’ म्हणतोय, आणि का म्हणतोय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

कारण सांगितलं नाही की प्रत्येक जण आपल्या खिशातलं कारण काढून लावतो. पुणेकराला तो निरागसपणा वाटला. मुंबईच्या इंग्रजी समीक्षकाला वाटलं, वेगळं दिसायचं म्हणून आणलेली ही ओढूनताणून गंमत. नागपूरच्या समीक्षकाला वाटलं की आपल्या गावच्या पोरांना भैताड ठरवलं. यूट्यूबवाल्याला काहीच वाटलं नाही, म्हणून त्याला कंटाळा आला. हे रुचीचे मतभेद नाहीत. चित्रपटानं जे सांगायचं राहून गेलं त्या खड्ड्यात चौघं चार बाजूंनी पडलेत.

आपल्याकडे ‘पोरानं डी.एड. केलं’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा डिसेंबर 2017 मध्ये झाली, ती पुन्हा झाली थेट 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या वर्षांत किती पोरं पवित्र पोर्टलकडे, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळाकडे, डोळे लावून बसली हे दर्यापुरात पानटपरीवरही माहीत आहे. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते माहीत असेलच असं नाही. ते माहीत झालं की बकऱ्यांची शाळा एकदम दुसरीच दिसते: वर्ग न मिळालेला मास्तर. मग तीच गोष्ट हसवतेही आणि आत कुठंतरी टोचतेही. तुमच्या चित्रपटातला सगळ्यात चांगला विनोद तुम्ही मळणीच्या भुशात गाडून ठेवलाय.

पण गोंधळ इथंच थांबत नाही. 58व्या मिनिटाला भाऊजी त्याला कृषी केंद्रात बसायचं काम देतात आणि हा हसून नाही म्हणतो. आता गावात दोन वाक्यं आहेत, दोन्ही रोज ऐकू येतात. ‘पोट्ट्याले काम नाई’ आणि ‘पोट्टा काम करत नाई’. पहिल्यात बापाचा सुस्कारा आहे, दुसऱ्यात बापाची शिवी आहे. तुमच्या हिरोच्या बाबतीत दोन्ही खरी असायला हरकत नाही, माणसं अशीच असतात. मात्र क्रम लागतो. आधी बंद दार दिसलं पाहिजे, मग नकार. बंद दार न दाखवता नकार दाखवला तर तो माजोरडा दिसतो, आणि नागपूरच्या समीक्षकानं नेमकं तेच लिहिलंय. त्यांचा सूर कडवट आहे, पण सहांपैकी सगळ्यात कामाचं परीक्षण आमच्या मते तेच आहे.

इंग्रजी परीक्षणांतल्या शब्दांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ते शब्द शिवीसारखे लागतात. ‘स्लॅकर’ (रिकामटेकडा) हा शब्द चित्रपटांच्या चर्चेत रुळला तो दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटरच्या त्याच नावाच्या 1990 च्या चित्रपटानंतर. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, सुमारे 23 हजार डॉलरमध्ये केलेला. त्यातली माणसं नोकरीच्या रहाटगाडग्याला जोडून घ्यायचं नाकारून रिकामी फिरतात. त्यांचं रिकामपण ही त्यांनी केलेली निवड आहे. समीक्षक तुमच्या हिरोला तो शब्द लावतो तेव्हा नकळत तीच फूटपट्टी लावतो, आणि डी.एड.वाला माणूस त्या मापात बसत नाही. तो बसत नाही हे दाखवायचं काम तुमचं होतं.

नायिका फक्त हिरोसाठीच आहे, हा आक्षेपही जुना आहे. जुलै 2007 मध्ये डेव्हिड डेन्बी या समीक्षकानं ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लेख लिहून हा साचा उलगडून दाखवला होता: पुरुष ढिला, महत्त्वाकांक्षा नसलेला, आणि बाई कामसू, त्याला माणसात आणायला नेमलेली. जुन्या प्रेमविनोदी चित्रपटांत दोघं तोडीस तोड भांडायची, इथं विनोद सगळा त्याच्या वाट्याला आणि शहाणपण सगळं तिच्या, ही त्याची तक्रार. त्याच वर्षी नेथन रेबिन या समीक्षकानं ‘मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल’ हा शब्दप्रयोग घडवला, म्हणजे केवळ उदास हिरोला जगायला शिकवण्यासाठी कथेत आलेली अवखळ मुलगी. पुढं तो शब्द इतका स्वस्तात वापरला जाऊ लागला की 2014 मध्ये त्यानंच तो घडवल्याबद्दल माफी मागितली. तुमच्या नायिकेला तो शब्द लावणाऱ्यानं आळस केलाय. ती अवखळ नाही, चांगली करडी आहे. पण तिला स्वतःचं काही नाही, ही बोच खरी आहे.

मोजून पाहा. 112 मिनिटांत ती एकटी असलेला प्रसंग एकही नाही. ती पडद्यावर आहे तेव्हा हिरो तरी आहे, किंवा हिरोबद्दलचं बोलणं तरी. आणि ‘हिला यात काय दिसलं?’ याचं उत्तर तुम्ही स्वतः कापून टाकलंत. पत्राच्या न छापलेल्या भागात जाता जाता लिहिलंय तुम्ही, की आवर्त ठेवीच्या हिशेबात तिचे काही रुपये जुळत नसतात आणि हिरो आज्यानं शिकवलेल्या पावकी-निमकीच्या जोरावर बोटांवर हिशेब लावून देतो, तो 2 मिनिटं 40 सेकंदांचा प्रसंग लांबी कमी करायला काढला. भाऊ, तो परत घाला. एका प्रसंगात तीन कामं होतात: त्याच्या पाढ्यांचा उपयोग दिसतो, तिला त्याच्यात काय दिसलं ते दिसतं, आणि ती त्याला सुधारत नाही, उलट एकदा तिचंच त्याच्यावाचून अडतं. शिवाय तिचा एक एकटीचा शॉट लागेल, संवाद नको. पोस्ट बंद करताना शिक्के पुसून डब्यात ठेवते, टपालाची पिशवी बांधते, कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहते. खेड्यातलं शाखा डाकघर पुष्कळदा डाकपालाच्या घरातल्या नाहीतर भाड्याच्या खोलीतच चालतं, तेव्हा खऱ्या कार्यालयाची परवानगी काढत बसण्यापेक्षा कोणाच्या पडवीतली एक खोली सजवा. एका दिवसाचं काम.

विक्षिप्तपणाची एक चाचणी सांगतो. चित्रपटातल्या प्रत्येक गमतीवर बोट ठेवून विचारा: ही काढली तर पुढचा कोणता प्रसंग मोडतो? बकऱ्यांची शाळा काढली तर शेवट मोडतो, म्हणून ती हक्कानं तिथं आहे. सरपंचाचा एका पायात बूट आणि एका पायात चप्पल काढली तर काहीच मोडत नाही. मामाची उलटी टोपी, म्हशीच्या शिंगाला बांधलेला गॉगल, तेच. हे तीन गेले की उरलेली बकऱ्यांची शाळा आपोआप गंभीरपणे घेतली जाईल. ड्रोनचे सात शॉट आहेत, तेही बघा. गाव वरून पाहिलं की सगळी गावं सारखी दिसतात.

कंटाळ्याची तक्रार यूट्यूबवाल्यानं केली म्हणून ती हलकी समजू नका. रिकामा माणूस पडद्यावर सतत कामात असावा लागतो. सई परांजपे यांच्या ‘कथा’ (1983) मधला बाशू आठवा. श. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ नाटकावरून केलेला चित्रपट. बाशू कामधंदा काही करत नाही, पण त्याचं तोंड क्षणभर बंद नसतं. चहा मिळवणं, राहायला जागा मिळवणं, साहेबाला खिशात घालणं, या सगळ्याला तो नोकरीपेक्षा जास्त मेहनत घेतो. तुमचा हिरो पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा बाजेवर पडलेला आहे: 12, 17, 23 आणि 29व्या मिनिटाला. आळस सांगायला एकदाच पडला तरी पुरे. 17 आणि 23 काढा, 29 अर्धा करा. बूट-चप्पल, टोपी, गॉगल आणि निम्मे ड्रोन धरले तर 9 ते 10 मिनिटं सुटतात, आणि पावकी-निमकीचा प्रसंग घालूनही चित्रपट 105 मिनिटांच्या आसपास येतो.

आता आत्महत्यांचा मुद्दा. विदर्भ म्हटलं की दोरी आणि कीटकनाशकाचा डबा दिसलाच पाहिजे, ही अपेक्षा आम्हाला मान्य नाही. इथं लोक लग्नं करतात, भांडतात, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटतात, पोळ्याला बैल सजवतात आणि एकमेकांची टिंगल करतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्रभर चालणाऱ्या नाटकात बाया डोळे पुसत असताना विनोदी नट मध्येच येऊन हसवतो आणि कोणाला ते विजोड वाटत नाही. त्यामुळं त्या परीक्षणातला ‘का नाही’ सोडून द्या. पण त्यातच एक बारीक वाक्य आहे, ते सोडू नका: शेत दिसतं पण शेतीचा भार कोणाच्या अंगावर आहे ते दिसत नाही.

कापूस वेचणीचा तो 3 मिनिटं 10 सेकंदांचा शॉट. हिरो धुऱ्यावर बसून फोनवर नायिकेशी बोलतोय. मागं, फोकसच्या जरा बाहेर, आई ओटी बांधून वेचतेय. मासिकाच्या समीक्षकाला ती चौकट आवडली, आणि ती सुंदर आहेच. पण गावातला प्रेक्षक पुढच्या माणसाकडं पाहत नाही, तो आईच्या हाताकडं पाहतो. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांच्या कडा फाटतात, नखाखाली सल जातो, आणि वेचणारी बाई थांबत नाही, हे त्यानं घरी पाहिलेलं असतं. तीन मिनिटं तो वाट पाहतो की हा उठतो कधी. उठत नाही, तेव्हा हिरो त्याच्या मनातून उतरतो. नागपूरच्या परीक्षणातला राग इथं जन्मलाय.

यावर इलाज हिरोला एकदम उठवून कामाला लावणं नाही. तो सुधारला की तुमचा चित्रपट संपला. इलाज म्हणजे आईला बोलतं करणं. आत्ता ती सबंध प्रसंगात एक शब्द बोलत नाही. तिच्या हातांचे दोन जवळून घेतलेले शॉट टाका, चार-चार सेकंदांचे, आणि वेचता वेचता, मान वर न करता, एकच वाक्य: ‘बकऱ्या शिकल्या असतीन तं एखादीले वेचाले पाठव.’ वाक्य तुमचं तुम्ही लिहा, हे फक्त धाटणी कळावी म्हणून. आईला कळतंय आणि ती बोलू शकते, एवढं दिसलं की प्रेक्षकाला हिरोवर रागावायची गरज उरत नाही. ते काम आईनं केलेलं असतं.

या दुरुस्त्या खऱ्या आहेत की आमची समजूत, ते सहा परीक्षणांवरून ठरवू नका. दोन खेळ लावा. एक तालुक्यात, 25-30 जण, त्यात तुमचे नातेवाईक नकोत. दुसरा वऱ्हाडी न समजणाऱ्यांसमोर, पुणे-नाशिककडे एखाद्या कॉलेजच्या वर्गात. मिनिटांचे रकाने आखलेला कागद घेऊन एका माणसाला पुढच्या कोपऱ्यात प्रेक्षकांकडं तोंड करून बसवा. त्यानं पडदा पाहायचाच नाही. हसले की ‘ह’, तीनपेक्षा जास्त मोबाइल उजळले की ‘म’, कोणी उठलं की ‘उ’. दोन्ही कागदांवर एकाच मिनिटाला ‘म’ आला तर ते मिनिट कापायचं, वाद नाही. गावात ‘ह’ आणि पुण्यात शांतता असेल तर दोष सबटायटलचा आहे. उलटं झालं, पुण्यात हसले आणि गावात गप्प, तर तिथं तुम्ही गावावर हसलात. तो प्रसंग पुन्हा तपासा. खेळानंतर ‘कसा वाटला?’ विचारू नका, सगळे ‘मस्त’ म्हणतात. विचारा: ‘तो बकऱ्यांना का शिकवत होता?’ दहातल्या आठांनी ‘मास्तरची नोकरी नाही लागली म्हणून’ असं सांगितलं तर दगड हलला.

तो हलवायला पुन्हा शूटिंग लागत नाही. 41व्या मिनिटाला हिरो पाठमोरा आहे, ओठ दिसत नाहीत. पाचव्या मिनिटालाही तो बकऱ्या हाकत पाठमोराच जातो. त्याच नटाकडून तेच वाक्य शांत खोलीत पुन्हा बोलवून घ्या. भिंतींना रजया टांगा, माइक तोंडापासून वीतभर, पंखा आणि फ्रिज बंद. मग ते पाचव्या मिनिटावर चढवा. 41व्या मिनिटालाही राहू द्या, पण थ्रेशरचा आवाज तेवढ्यापुरता खाली आणा. आधी माहिती म्हणून ऐकलेलं वाक्य दुसऱ्यांदा कबुलीसारखं ऐकू येतं.

सबटायटल नव्याने करून घ्या. सध्याची शब्दाला शब्द ठेवून केलेली आहेत. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत 40 च्या आसपास अक्षरं, आणि वाचायला सेकंदाला 15 ते 17 अक्षरं या हिशेबानं वेळ. एक सेकंदापेक्षा कमी काहीच ठेवू नका. विनोदाच्या वाक्याचे दोन तुकडे करा आणि टोला असलेला तुकडा नटाच्या तोंडून निघेल त्याच क्षणी आणा. तुमच्याकडं सगळं वाक्य आधीच झळकतं, लोक वाचून हसतात आणि त्या हशात नटाचा टोला बुडतो. ‘डी.एड.’चं भाषांतर ‘डिप्लोमा’ नको. ‘मास्तरकीचं शिक्षण घेतलं, पाच वर्षं झाली, शाळा मिळाली नाही’ हा अर्थ इंग्रजीत यायला हवा.

ताऱ्यांबद्दल फार डोकं शिणवू नका. रॉटन टोमॅटोजसारख्या, परीक्षणं गोळा करणाऱ्या वेबसाइटवरचा टक्का म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांचं मत अनुकूल आहे, त्याचा तो टक्का. 60 किंवा जास्त असला की चित्रपट ‘फ्रेश’. सहा जणांनी प्रत्येकी ‘ठीक आहे’ म्हणत पाचपैकी तीन तारे दिले तर टक्का 100 होऊ शकतो. तिघांना जीव की प्राण आणि तिघांना नकोसा वाटला तर 50. तुमचा हिशेब या दुसऱ्या जातीचा आहे. रिकाम्या माणसाचा विनोदी चित्रपट बहुधा असाच मतं फाडतो, आणि 100 टक्के कोमट असण्यापेक्षा आम्हाला हे बरं वाटतं.

दोन तारेवाल्याला उत्तर देऊ नका. खाजगीत नाही, फेसबुकवर तर नाहीच. समीक्षकाला लिहायचं ते फक्त माहितीची चूक असेल तर, आणि तीन ओळींत. तशी एक आहे: मासिकानं तुमच्या भाषेला झाडीबोली म्हटलंय. झाडीबोली भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची. दर्यापूरची वऱ्हाडी. तेवढं कळवा, कौतुकाबद्दल आभार माना आणि थांबा.

पैसे घेऊन रिव्ह्यू आणणाऱ्याला नाही म्हणा. एका रात्रीत पाच-पाच तारे आणि सगळीकडे तीच विशेषणं आली की वाचणाऱ्याला वास येतोच. पैसे घेऊन समाजमाध्यमांवर केलेल्या प्रसिद्धीवर तसं स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे, ते न लिहिणाऱ्यांच्या नादी लागून तुम्हीच अडकाल. ते पैसे सबटायटलला घाला. पोस्टरवर परीक्षणातलं वाक्य छापायचं तर सबंध छापा. पुण्याच्या परीक्षणात ‘ताजा, खट्याळ’ नंतर ‘पण’ आहे. तो ‘पण’ कापून लावलात तर पुढच्या चित्रपटाला ते समीक्षक येणार नाहीत.

सेन्सॉरला अर्ज करायच्या आधीच सगळी कापाकापी उरका. प्रमाणपत्र मिळाल्यावर केलेला प्रत्येक बदल मंडळाला कळवून नोंदवून घ्यावा लागतो. खर्ऱ्याचे 11 प्रसंग आहेत तुमच्याकडे. पन्नीवर खर्रा घोटणं हे वऱ्हाडी रिकामपणाचं चित्र आहे हे कबूल, पण तंबाखू दिसेल तितका वेळ पडद्याच्या खाली इशाऱ्याची पट्टी राहते. शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान 30-30 सेकंदांच्या आरोग्य-चित्रफिती आणि 20 सेकंदांचं निवेदन. 11 चे 2 करा, नाहीतर विनोदाच्या वाक्याखाली लोक कर्करोगाची सूचना वाचत बसतील. बकऱ्यांसाठी भारतीय पशू कल्याण मंडळाचं ना-हरकत पत्र मागतील. शूटिंगच्या आधी कळवलं नसेल तर अर्ज भरण्यापूर्वी त्यांच्याशी बोला, आणि बकऱ्यांच्या मालकाचं लेखी निवेदन व पशुवैद्यकाचा दाखला जमवून ठेवा. या एका कागदावर पुष्कळ छोटे चित्रपट महिनोन्महिने अडकतात.

राहिला प्रश्न आईच्या हातांच्या शॉटचा. सध्या पऱ्हाटी (कपाशी) गुडघ्याला लागतेय, बोंडं लांब आहेत. मूळ प्रसंगात खालची बोंडं रिकामी आणि वरचा शेंडा पांढरा आहे, म्हणजे ती दुसरी वेचणी. दिवाळीच्या पहिल्या वेचणीला घेतलात तर झाड हिरवंगार दिसेल, जानेवारीत गेलात तर पानं लाल पडून झडलेली. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, तेवढीच खिडकी आहे, आणि उन्हाचा कोनही तोच हवा, सकाळी नऊच्या आतला. तोवर आवाज, सबटायटल, पोस्टातला शॉट आणि दोन्ही खेळ होऊन जातील. ज्या बाईंनी आईचं काम केलं त्यांना मात्र आजच फोन करा, ते निळं लुगडं आणि ओटीचं फडकं कुणाला देऊ नका म्हणावं.